नौदलाचे पैसे वाढवले की नौदल लगेच सज्ज होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की सरकारने यंदा नौदलाची तरतूद वाढवली तर ते यंदाच जास्त सज्ज होईल का, आणि तरतूद कापली तर फटका कधी बसतो.

पहिल्याचं उत्तर: यंदा होणार नाही. दुसऱ्याचं: यंदा बसणार नाही. दोन्ही परिणाम काही वर्षांनी दिसतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच उशिराची वाटते. युद्धनौकांची दुरुस्ती करणाऱ्या एका गोदीत, कामाचं नियोजन करणाऱ्या विभागात मी 19 वर्षं काढली आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

एक जहाज कायम समुद्रात हवं असेल तर साधारण तीन जहाजं लागतात. एक मोहिमेवर, दुसरं मोहिमेच्या तयारीत, तिसरं दुरुस्तीत. दुरुस्तीतलं जहाज वेळेवर बाहेर पडलं नाही की बाकी दोघांचं वेळापत्रकही कोलमडतं. म्हणून ताफ्यात किती जहाजं आहेत हा आकडा मला फारसं काही सांगत नाही. त्यातली किती, पूर्ण दारूगोळा आणि सराव झालेले खलाशी घेऊन, ठरलेल्या दिवशी निघू शकतात, हे सांगा.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. एक जहाज सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, ठोकळ्यांवर चढवलं. तळ खरवडून पाहिला तेव्हा समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हची अंगं गंजून इतकी पातळ झाली होती की तशीच परत बसवणं शक्यच नव्हतं. हे व्हॉल्व्ह दुकानात मिळत नाहीत. साचा बनवायचा, ओतकाम करायचं, मशीनवर घडवायचं, मग दाबाखाली तपासायचं. 11 महिने लागले. आम्ही हेच व्हॉल्व्ह दोन वर्षं आधी आगाऊ मागितले होते. त्या वर्षी हात आखडता होता आणि यादीतून ते कापले गेले. कारण सरळ होतं, जहाज तर चालतंय! कापणाऱ्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्यासमोर अशा शेकडो ओळी होत्या.

मग काय झालं? जहाज ठोकळ्यांवर बसून राहिलं. गोदी अडली, म्हणून रांगेतलं पुढचं जहाज मुदत उलटून गेल्यावरही समुद्रात फिरत राहिलं आणि त्याचा गंज वाढला. ठोकळ्यांवरच्या जहाजाच्या इंजिनवाल्यांना वर्षभर चालतं इंजिन पाहायला मिळालं नाही, त्यांचा सराव नव्याने करावा लागला. पुढच्या वर्षी तरतूद भरघोस वाढली. पण पैसे हातात पडेपर्यंत वर्षाचे थोडेच महिने उरले होते, तेवढ्यात काही ओतून होत नाही. बरीचशी रक्कम खर्च न होता परत गेली. त्यावरून वरून विचारणा झाली की दिलेलं संपत नाही, तर आणखी कशाला मागता? तो कागद वाचताना झालेला त्रास मी अजून विसरलेलो नाही.

कात्री नेहमी इथेच का चालते, हेही समजून घ्या. पगार आणि निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. नव्या जहाजांचे करार झालेले असतात, हप्ते चुकवले तर दंड बसतो. उरतं काय? सुटे भाग, दुरुस्ती, इंधन आणि प्रशिक्षण. यातला पैसा कापला तर त्या दिवशी कुणीच ओरडत नाही.

याचा सगळ्यात वेदनादायक दाखला अमेरिकेचा आहे, आणि ते तर जगातलं सगळ्यात जास्त पैसा मिळणारं नौदल. 2003 मध्ये त्यांनी युद्धनौकांवरच्या नव्या अधिकाऱ्यांचं वर्गातलं मूलभूत प्रशिक्षण बंद केलं. सीडी हातात दिल्या आणि जहाजावरच शिका म्हणून सांगितलं. पैसे वाचले. त्याच काळात जहाजांवरची माणसंही कमी केली. 2010 मध्ये नौदलाच्याच एका समितीने लिहून दिलं की माणसं, प्रशिक्षण आणि देखभाल यांत केलेल्या काटकसरीने जहाजांची अवस्था ढासळते आहे. 2017 च्या जूनमध्ये जपानजवळ यूएसएस फिट्झगेराल्ड एका मालवाहू जहाजावर आदळली, 7 खलाशी गेले. ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ यूएसएस जॉन मॅकेन एका तेलवाहू जहाजावर आदळली, 10 गेले. जपानमधल्या त्यांच्या क्रूझर आणि विनाशिकांच्या खलाशांकडे जी प्रमाणपत्रं असायला हवीत, त्यांतली 37 टक्के त्या जूनमध्ये मुदत संपलेली होती. अपघातांना माणसांच्या तिथल्या तिथल्या चुका कारण होत्याच, ते नाकारता येत नाही. पण त्या रात्री चुकलेल्यांना घडवणारी व्यवस्था कितीतरी वर्षं आधीपासून पोखरली जात होती.

पैसा असूनही काम होत नाही, याचाही दाखला तिथेच आहे. 1990 च्या दशकात, शीतयुद्ध संपल्यावर, अमेरिकेने आठपैकी चार सरकारी नौदल गोद्या बंद केल्या. तेव्हा तो निर्णय शहाणपणाचाच वाटला असणार. आता यूएसएस बॉइझ ही अणुपाणबुडी पाहा. 2015 मध्ये ती शेवटच्या मोहिमेवरून परतली. मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत जागा मिळेना, ठरावीक मुदतीत होणाऱ्या तपासण्या राहून गेल्या आणि 2017 मध्ये पाण्याखाली जाण्याची तिची परवानगी संपली. पाणबुडीला बुडी मारता येत नाही! दुरुस्तीचं मोठं कंत्राट 2024 मध्ये झालं, सुमारे 1.2 अब्ज डॉलरचं. एक गोदी बंद करायला एक आदेश पुरतो. तिथला कसबी वेल्डर पुन्हा तयार व्हायला मात्र वर्षानुवर्षं जातात, आणि त्याला शिकवणारा जुना माणूस तोवर निघून गेलेला असतो.

गरीब तिजोरीच्या नौदलात हेच आणखी उघडपणे दिसतं. सुटे भाग नाहीत म्हणून एका जहाजाचे काढून दुसऱ्याला बसवतात. अर्जेंटिनाची सान्तिसिमा त्रिनिदाद ही विनाशिका अशीच भागांसाठी उघडली गेली आणि 2013 च्या जानेवारीत पुएर्तो बेल्ग्रानो तळावर धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली. जर्मनीची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी, कारण तो गरीब देश नाही. सुट्या भागांचा साठा ठेवणं खर्चिक म्हणून कमी केलं होतं, आणि 2017 अखेरीस त्यांच्या सहाच्या सहा पाणबुड्या एकाच वेळी कामाबाहेर होत्या.

कुणी म्हणेल, नौदलं पैसा उधळतातही. उधळतात, आणि त्याचा हिशेब मागायलाच हवा. पण एक वर्ष भरपूर आणि दुसरं कोरडं, या पद्धतीने उधळपट्टी कमी झालेली मी कधी पाहिली नाही. कंत्राटदाराला पुढच्या वर्षीचं काम नक्की नसेल तर तो माणसं ठेवत नाही, आणि गरज पडली की घाईचा दर लावतो. पाच वर्षांसाठी ठरलेला मध्यम आकडा मला एका वर्षाच्या मोठ्या आकड्यापेक्षा केव्हाही चालेल.

तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात एकूण रकमेवर थांबू नका. दुरुस्ती आणि सुट्या भागांची ओळ शोधा आणि तीच ओळ मागच्या चार-पाच वर्षांत कशी वरखाली झाली ते पाहा. नवी जहाजं घेतली असतील तर त्यांच्या देखभालीचा पैसाही वाढला आहे का, ते तपासा. तो वाढला नसेल तर नवं जहाज जुन्यांच्याच ताटातलं घेणार आहे. आणि जमलं तर गोद्यांमध्ये फिटर आणि वेल्डरच्या किती जागा रिकाम्या आहेत हेही विचारा. हा प्रश्न आमच्या वेळी बाहेरच्या कुणी फारसा विचारलाच नाही.