तीन कुटुंबांची एक नॅरोबोट: विकत घ्यावी की भाड्यानेच फिरावे?

इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनजवळ राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५६ असून पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. गेली दोन वर्षे ते आणि त्यांची दोन मित्र-जोडपी मिळून उन्हाळ्यात दोन-तीनदा शनिवार-रविवारसाठी नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठी बांधलेली लांबट, राहण्याची सोय असलेली बोट) भाड्याने घेतात, आणि त्यांचा आठ वर्षांचा लॅब्रॅडोरही सोबत असतो. आता तिन्ही जोडप्यांनी मिळून ५७ फुटांची, सहा जणांची झोपण्याची सोय असलेली जुनी बोट ५४,००० पौंडांना घ्यावी, असे ठरत आहे. प्रत्येकाच्या वाट्याला १८,००० पौंड येतात. ते रोख आयसातून (ISA, म्हणजे व्याजावर कर न लागणारे बचत खाते) काढावेत की पेन्शनच्या करमुक्त भागातून, आणि मुळात हा व्यवहार करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण हिशेबाची सुरुवात १८,००० पौंडांपासून केली आहे; मला मात्र ती दरवर्षीच्या खर्चापासून करावीशी वाटते. बोट एकदाच विकत घेतली जाते, पण तिचा खर्च ती वापरली काय किंवा धक्क्याला बांधून ठेवली काय, वर्षभर सुरूच राहतो. आपल्या परिसरातील मरीनामध्ये (बोटी बांधून ठेवण्याच्या तळावर) ५७ फुटांच्या बोटीसाठी कायम जागेचे वर्षाला ३,००० पौंड, इंग्लंड-वेल्समधील बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या परवान्याचे साधारण १,४००, विम्याचे २५०, दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला डांबरी लेप देण्याच्या आणि गंजरोधक अॅनोड बदलण्याच्या खर्चाचा वार्षिक हिस्सा ४००, दर चार वर्षांनी लागणाऱ्या बोट सेफ्टी स्कीम प्रमाणपत्राचा हिस्सा ५०, इंजिनाच्या देखभालीचे ३५०, डिझेल, गॅस, कोळसा आणि शौचालयाची टाकी उपसणे यांचे ६५०, आणि बॅटऱ्या, पंप, गळके खिडकीचे रबर यांसारख्या अचानक निघणाऱ्या कामांसाठी १,४००, असे मी धरले आहे. हे अंदाज आहेत आणि मरीनाप्रमाणे बदलतील, परंतु एकूण ७,५०० पौंडांच्या फारसे खाली येणे मला शक्य दिसत नाही. त्यात बोटीची किंमत दरवर्षी सुमारे २,००० पौंडांनी घटेल असे धरले, आणि ५४,००० पौंड चार टक्क्यांनी ठेवले असते तर मिळाले असते ते २,१६० पौंडांचे व्याज मिळवले, तर बोटीचा खरा वार्षिक खर्च ११,६६० पौंड, म्हणजे प्रत्येक जोडप्यामागे जवळजवळ ३,९०० पौंड होतो.

आपल्या सहलींचे स्वरूप पाहता तिन्ही जोडपी एकत्रच निघतात, आळीपाळीने नव्हे. त्यामुळे हा सारा खर्च एकत्र घालवलेल्या सुट्ट्यांवरच विभागावा लागेल. सहा जणांची बोट शुक्रवार ते सोमवार भाड्याने घेतली, तर इंधन, नुकसानभरपाईची हमी आणि कुत्र्याचे शुल्क धरून हंगामात साधारण १,२०० पौंड पडतात. वर्षाला सहा सहली झाल्या, तर स्वतःच्या बोटीवरची प्रत्येक सहल १,९४० पौंडांना पडेल. दहा झाल्या, तर खर्च जवळपास भाड्याइतका होईल. बारा झाल्या, तर बोट घेणे स्पष्टपणे स्वस्त ठरेल. आपण बारा सहलींचा अंदाज बांधला आहे, परंतु आतापर्यंत प्रत्यक्षात वर्षाला दोन-तीनच झालेल्या आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सुमारे ३० आठवडे असतात. त्यांतून सहा नोकरदार माणसांच्या सवडी, मुलांचे पदवीदान, उन्हाळ्यातली भारतवारी आणि मंडळाचा गणेशोत्सव वजा केल्यावर बारा आठवडे सर्वांना एकदम मोकळे मिळतील, असे मला वाटत नाही. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत ट्रस्ट लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे कप्पे) आणि भिंतींची मोठी दुरुस्ती करतो, त्यामुळे ठिकठिकाणी मार्ग बंद असतात. म्हणून हिवाळ्यावर भिस्त ठेवता येणार नाही. उन्हाळ्याचीही आता पूर्वीसारखी खात्री उरलेली नाही: २०२५ मध्ये पाऊस कमी पडल्याने जलाशयांतील साठा घटला आणि अनेक कालव्यांवरील वाहतूक थांबवावी लागली. भाड्याची सहल अशा वेळी दुसऱ्या कालव्यावर हलवता येते किंवा पैसे परत मागता येतात; स्वतःच्या बोटीचे जागाभाडे आणि परवाना मात्र भरावेच लागतात.

पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट आपल्या पत्रात आलेली नाही, ती म्हणजे अंतर. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, प्रत्यक्षात बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही सावकाश जावे लागते, आणि एक लॉक पार करायला साधारण एक मैल जाण्याइतका वेळ लागतो. त्यामुळे मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागले की लागणारे तास मिळतात. शनिवार-रविवार मिळून आरामात दहा तास बोट चालवली, तरी मैल आणि लॉक मिळून जाऊन-येऊन तीसच भरतात, म्हणजे एका दिशेला पंधरा. आपली बोट नॉर्दॅम्प्टनजवळच्या गेटनला राहणार असेल, तर दक्षिणेकडे ब्लिसवर्थचा बोगदा ओलांडून स्टोक ब्रुअर्नपर्यंत आणि वायव्येला वीडनच्या बाजूने बकबीच्या लॉकांच्या पायथ्यापर्यंत आपण सहज जाऊन याल. ब्रॉन्स्टनला जायचे तर बकबीचे सात आणि ब्रॉन्स्टनचे सहा लॉक, शिवाय सुमारे पंधरा मैल. ते एका सुट्टीत परतीसह बसत नाही. नॉर्दॅम्प्टन शाखेने नेन नदीत उतरायचे तर १७ लॉक आहेत, आणि ती नदी एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या ताब्यात असल्याने ट्रस्टचा नेहमीचा परवाना तेथे चालत नाही. स्टोक ब्रुअर्नचा परिसर फार सुंदर आहे. १८०५ मध्ये खुला झालेल्या, पावणेतीन किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या बोगद्यातून दिव्याच्या उजेडात जाणे हा अनुभव कोणीही घ्यावा असाच आहे. परंतु पुढली पाच वर्षे बहुतेक सुट्ट्या याच दोन टोकांमध्ये घालवायला सहाही जण राजी आहेत का, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. भाड्याच्या बोटीचा मोठा लाभ हा की एकदा लँगोलेन कालव्यावरचा, जमिनीपासून १२६ फुटांवरून पाणी नेणारा अभियंता टेलफर्डचा पाँटकसिल्टे जलसेतू पाहता येतो, तर पुढच्या वेळी डिव्हायझेसला केन हिलचे २९ लॉक हाताने चालवता येतात.

खर्च कमी करण्यासाठी आपण सुचवलेले दोन्ही मार्ग मला बंद दिसतात. एक, कायम जागा न घेता फिरती बोट म्हणून परवाना काढणे. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटीने प्रामाणिकपणे प्रवास करत राहायचे असते आणि एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक थांबायचे नसते. नोकरी सांभाळून दर पंधरा दिवसांनी, अगदी जानेवारीतही, बोट पुढच्या गावी हलवणे आपणा तिघांपैकी कोणाला जमेल? शिवाय एप्रिल २०२४ पासून अशा परवान्यावर अधिभार लागू झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. दुसरा मार्ग म्हणजे रिकाम्या आठवड्यांत बोट इतरांना भाड्याने देणे. खाजगी परवान्यावर ते करता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना, अधिक कडक तपासणी आणि वेगळा विमा लागतो, आणि ओळखीच्या माणसाकडून पैसे घेतले म्हणून त्यातून सुटका होत नाही. अपघात झालाच, तर विमा कंपनी सर्वप्रथम हेच विचारेल.

परवाना शुल्क येत्या काळात कमी होण्याचेही चिन्ह नाही. २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेजकडून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग या ट्रस्टकडे आले, तेव्हापासून त्याच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार सरकारी अनुदान हा आहे, आणि २०२७ नंतर ते वर्षागणिक घटत जाईल असे सरकारने जाहीर केले आहे. दोनशे वर्षांहून जुने बांध आणि लॉक सांभाळण्याचा भार त्यामुळे बोटमालकांवर अधिकाधिक पडेल, असे गृहीत धरूनच मी चालतो.

आता रकमेच्या उगमाविषयी. आपल्या रोख आयसात ३१,००० पौंड आहेत आणि घरखर्च महिन्याला २,६०० पौंड आहे. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १५,६०० पौंड, हाताशी असावा असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि आपल्या मातोश्री सांगलीला एकट्या राहतात हे लक्षात घेता त्यात दोघांच्या तातडीच्या तिकिटांची रक्कमही धरायला हवी. १८,००० काढले की १३,००० उरतात. ते पुरेसे नाहीत. शिवाय आपल्या ६४,००० पौंडांच्या गृहकर्जाचा १.८ टक्क्यांचा ठरीव दर पुढच्या वसंतात संपतो आहे. नवा दर साडेचार टक्के धरला, तर त्या वेळी दंड न लागता भरलेले १०,००० पौंड पहिल्याच वर्षी सुमारे ४५० पौंड व्याज वाचवतील. त्या पैशाचा इतका निर्धोक उपयोग दुसरा नाही.

पेन्शनला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. करमुक्त भाग एक चतुर्थांश असतो, त्यामुळे १८,००० पौंड घेण्यासाठी ७२,००० पौंडांचा निधी वापरात आणावा लागेल आणि उरलेले ५४,००० ड्रॉडाउनमध्ये (गुंतवलेलेच राहून लागेल तसे काढता येणाऱ्या, पण काढताना करपात्र असलेल्या भागात) जातील. केवळ करमुक्त रक्कम घेतल्याने पुढील वार्षिक योगदानाची मर्यादा घटत नाही, हे खरे. पण एकदा त्या ५४,००० मधून करपात्र पैसे काढले की ती १०,००० पौंडांवर येते, आणि नोकरीची शेवटची दहा वर्षे हीच पेन्शनमध्ये जास्तीत जास्त भर घालण्याची असतात. निवृत्तीपर्यंत करमुक्त वाढू शकणारा पैसा दरवर्षी किंमत घटणाऱ्या पोलादी वस्तूत घालण्याचे कारण मला सापडत नाही. बोट विकताना नफा झाल्यास भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, हे आपण वाचले आहे ते बरोबर आहे. मात्र तोटा झाल्यास तोही कुठे वजा करून मिळत नाही, आणि येथे शक्यता तोट्याचीच अधिक आहे.

बारा हिश्श्यांच्या सामायिक बोटीचा विचार मी आपल्यासाठी करून पाहिला. एक हिस्सा काही हजार पौंडांत मिळतो आणि वार्षिक वर्गणी हजाराच्या आसपास असते. पण त्यात वर्षाला तीन-चार पूर्ण आठवडे मिळतात, सुट्टीपुरते दोन दिवस नव्हेत, आणि अशा कित्येक बोटींवर पाळीव प्राण्यांना मनाई असते. कुत्र्याला मागे ठेवून जाण्याचा प्रश्नच आपल्या मनात नाही, हे आपल्या पत्राच्या प्रत्येक परिच्छेदात दिसते, म्हणून हा पर्याय बाद.

आणि त्याच्याचमुळे मी आपणांस सहली पुढे ढकला असेही सांगणार नाही. आठ वर्षांच्या लॅब्रॅडोरला बोटीच्या काठावरून उडी मारण्याची, काठाकाठाने चालण्याची उमेद असलेली आणखी तीन-चार वर्षे असतील. या वर्षी सहा सहली भाड्याने करा. ७,२०० पौंडांचे तीन भाग केले की प्रत्येक जोडप्याला महिन्याला २०० पौंड पडतात. एक संयुक्त खाते उघडून त्यात पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ते जमा होतील अशी व्यवस्था करा. मार्चअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या तारखा स्वस्त असतात, आणि कुत्र्यालाही पोलादी छत तापलेल्या जुलैपेक्षा तेच दिवस सुखाचे जातात. पाठीवर पकड असलेले त्याचे तरंगते जाकीट स्वतःचेच घ्या, आणि लॉकमध्ये पाणी चढत-उतरत असताना त्याला आत बंद ठेवा.

दोन हंगामांनंतर आठहून अधिक सहली खरोखर झाल्या असतील, आणि तरीही सर्वांचे मन बोटीकडेच ओढ घेत असेल, तर मी विरोध करणार नाही. तेव्हा मात्र पैसे देण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्या. नव्या बोटीचा तळ बहुधा १० मिलिमीटर आणि बाजू सहा मिलिमीटर जाडीच्या असतात, आणि त्या चार मिलिमीटरच्या खाली झिजल्या असतील तर विमा मिळणे अवघड होते. ट्रस्टचा परवाना हा मालकीचा पुरावा नाही आणि अशा बोटींसाठी सक्तीची मालकी नोंदवहीही नाही. त्यामुळे आधीच्या सर्व विक्रीपत्रांची साखळी पाहा आणि आपल्या विक्रीपत्रावर तिन्ही कुटुंबांची नावे घाला. आपसांत करार लेखीच असावा. कोणी निवृत्त होऊन पुण्याला परतले, कोणाचे निधन झाले किंवा घटस्फोट झाला, तर हिश्श्याची किंमत कोण ठरवील, उरलेल्यांना तो घेण्यासाठी किती महिने मिळतील, आणि कोणीच घेतला नाही तर बोट कधी विकायची, हे त्यात आकड्यांनिशी लिहा. वीस वर्षांच्या मैत्रीत असा कागद मागणे अवघड वाटते, हे मी जाणतो. परंतु आपणच तो मसुदा मांडावा, कारण तिघांपैकी सर्वांत कमी शिल्लक आपल्याकडे आहे आणि बाहेर पडण्याची वेळ आली तर सर्वाधिक ओढाताण आपलीच होईल.