वाळूच्या बेटावर तंबू

प्रश्न : मैत्रीण आणि मी ऑस्ट्रेलियातल्या क'गारी (पूर्वीचं फ्रेझर) बेटावर फोर-व्हील ड्राइव्हने जाऊन तंबूत राहणार आहोत. गाडी वाळूत रुतली तर? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, आधी टायरची हवा २० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास उतरवा. मी आणि माझा ठाण्याचा मित्र नेमके तेच विसरलो. चाकं गरगरली, गाडी पोटावर बसली. ॲक्सिलरेटर दाबाल तितकी ती खोल जाते! फावड्याने चाकांपुढची ओली, जड वाळू उपसली, हवा सोडली, तेव्हा कुठे हलली. तिथे किनारा हाच मुख्य रस्ता, म्हणून पूर्ण ओहोटीच्या आधीच्या किंवा नंतरच्या दोन तासांतच गाडी चालवा. गाडीचा आणि तंबूचा, दोन्ही परवाने आधीच काढा. आणि डिंगो नावाचे जंगली कुत्रे फिरतात. खाऊ तंबूत अजिबात ठेवू नका.