बाकाला दार कसं? 'प्यू' या शब्दाविषयी

तुमच्या अनुवादातली बाई चर्चमध्ये शिरते आणि 'प्यूचं दार लावून घेते'. शब्दकोश प्यूचा अर्थ 'चर्चमधलं बाक' एवढाच देतो, मग बाकाला दार आलं कुठून, असं तुम्ही विचारलंय. पण दार खरोखरच असायचं.

इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात 'बॉक्स प्यू'ची चलती होती. लाकडी तक्तपोशीचा चौकोनी कप्पा, भिंती छातीपर्यंत, आत कडेकडेने बसायच्या फळ्या आणि एका बाजूला बिजागऱ्यांचं दार. त्यामुळे घरातल्या दोघाचौघांची पाठ थेट पाद्र्याकडे व्हायची! गारठ्यात बोचरं वारं लागू नये हा एक फायदा. काही बड्या घराण्यांनी तर आत शेकोटीही बांधून घेतली होती.

शब्दाचा उगमही बाकात नाही, कठड्यात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'पुई' म्हणजे सज्जा किंवा कठडा. तो आला लॅटिन 'पोडियम'वरून, म्हणजे उंच चौथरा. त्याच्या मागे ग्रीक 'पोदिऑन', आणि त्याचं मूळ 'पाय' या अर्थाच्या शब्दात. आपला संस्कृत 'पाद' त्याच कुळातला. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द दिसतो तो मानकऱ्यांसाठी राखलेल्या, कठडा घातलेल्या जागेसाठी. बाकीची मंडळी उभी राहत किंवा गुडघे टेकत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना फार तर भिंतीलगतचा दगडी कट्टा. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ निघाल्यावर, प्रवचनाला महत्त्व आलं, ती लांबत गेली आणि सगळ्यांनाच बसायला जागा लागू लागली. लांबलचक बाकाला सर्रास प्यू म्हणणं हे त्यानंतरचं.

हे कप्पे फुकट नसत. अनेक ठिकाणी वर्षाचं भाडं भरावं लागे, काही ठिकाणी चक्क विकत घ्यावे लागत. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी क्राइस्ट चर्च १७७३ साली बांधून झालं तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टनने ३६ पौंड १० शिलिंग मोजून तिथे आपल्या कुटुंबासाठी प्यू घेतला. ऐपत नसलेल्यांनी मागे नाहीतर सज्जात बसायचं. देवाच्या दारीही पुढची रांग पैसेवाल्यांचीच, हे आपल्याला काही नवीन नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यात नुसतं 'बाक' नको, ते दार हवेत लटकेल. पहिल्या उल्लेखाला 'घराण्याचा राखीव कप्पा' असं काहीतरी लिहा, पुढे खुशाल 'कप्पा' म्हणा. मात्र कथा आजच्या काळातली असती तर 'बाक'च योग्य. आणि कुणी 'टेक अ प्यू' म्हणालं तर चर्चचा काही संबंध नाही, 'बसा की' एवढंच.

एकाने 'प्यू रिसर्च' या अमेरिकेतल्या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या नावाबद्दलही विचारलंय. ते नाव सन ऑइल कंपनीचे संस्थापक जोसेफ प्यू यांच्या घराण्याचं. हे आडनाव वेल्श 'अप ह्यू'चं, म्हणजे ह्यूचा मुलगा, आकसलेलं रूप आहे.