ऑनलाइन खरेदीसाठी नवे नियम येणार म्हणतात, तोवर तक्रार करायची थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुतण्याच्या मोबाईलवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला, पैसे पार्सल आल्यावर रोख दिले, पंप आठवड्यात बंद पडला, विकणारा फोन उचलत नाही. कोणी सांगितलं की नवे नियम येताहेत, मग जोर येईल.

थांबू नका. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवतो. सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की असे पंप माझ्या टेबलावर येतातच.

नव्या नियमांतला आपल्या कामाचा भाग खरं तर जुना आहे. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने २०२० च्या ई-कॉमर्स (ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या) नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढला. विकणाऱ्याच्या चुकीने माल पोचला नाही आणि ग्राहकाचं नुकसान झालं, तर ज्या ॲपवर तो विकतो त्या ॲपनेही जबाबदारी घ्यावी, अशी तरतूद त्यात होती. खेड्यातल्या माणसाला हीच हवी, कारण सुरतचा किंवा दिल्लीचा विक्रेता आपण कुठे शोधणार? पण ती मसुद्यातच राहिली. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली आणि असे १३ प्रकार ठरले: 'फक्त २ नग शिल्लक' अशी खोटी घाई, न विचारता बिलात वस्तू घुसवणं, शेवटच्या पानावर किंमत फुगवणं वगैरे. चांगलं आहे, पण बंद पंपाला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या कामाचा आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे सुरतला जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून जातो, आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहू द्या अशी विनंती करता येते.

दोन आडकाठ्या समोरचा घालेल. पहिली, ऑर्डर पुतण्याच्या नावाने आहे. घालू द्या, घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. दुसरी, पंप शेतीच्या धंद्यासाठी घेतला. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहकच मानलं आहे.

आपली माणसं अडतात ती पुराव्यापाशी. "भाऊ, खोका तं चुलीत गेला," हे मी दर हंगामात ऐकतो. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ऑर्डर नंबर, सगळं त्या खोक्यावरच्या पांढऱ्या लेबलवर असतं. आणि खोका ठेवला तरी टिनाखालच्या उन्हात त्या लेबलची छपाई उडून जाते, कागद कोरा होतो. म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी लेबलचा फोटो काढायचा. रोख दिले असतील तर 'डिलिव्हर्ड' झाल्याचा मेसेज पुसू नका, आणि पंप चालत नसल्याचा व्हिडिओ काढताना त्यावरचा नंबर दिसू द्या.

आता क्रम. आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा; २०२० च्या त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. सोबतच १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीशी बोलते, हुकूम देऊ शकत नाही, पण किरकोळ रक्कम पुष्कळदा तिथेच सुटते. नाही सुटली तर आयोग. तिथे तक्रार करायला मुदत दोन वर्षं. ओटीपी घेऊन खात्यातून पैसे उडवले असतील तर ती गोष्टच वेगळी, तिथे १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लगेच लावायचा.

एक अडचण मात्र खरी आहे. पंप ओळखीच्या ॲपवरून नव्हे, तर जाहिरातीतल्या लिंकवरून मागवला असेल आणि लेबलवर नुसतं दुकानाचं नाव असेल, तर नोटीस पाठवायची कुठे हाच प्रश्न पडतो. लेबल शिल्लक असेल तर त्यावर काय छापलंय ते इथे लिहा (स्वतःचा फोन नंबर सोडून), मग अर्जात विरुद्ध पक्ष कोणाला करायचं ते पाहू.