लेखकाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असताना त्याच्या लेखनाचं परीक्षण कसं करायचं?

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. या सत्रात आम्हाला एका शोधलेखाचं आणि एका पुस्तकाचं चिकित्सक परीक्षण लिहायचं होतं. मी दोन्ही मन लावून लिहिली. सरांनी ‘हा सारांश झाला, तुझं मत कुठे आहे?’ असा शेरा मारून परत दिली. पुन्हा लिहिताना मत घातलं, तर ‘मत आहे, आधार नाही’ असा शेरा आला. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. लेखकाने त्या विषयात आयुष्य घातलंय, मी त्याच्या चुका काढणारी कोण? लिहायला मात्र मनापासून आवडतं. यात पुढे काही करता येईल का? आणि सारांशाचा भाग एआयकडून करून घेतला तर काय बिघडतं?

उत्तर : सरांचे दोन्ही शेरे एकाखाली एक ठेवून वाच. त्यांना काय हवंय ते त्यातच आहे. पहिल्या खेपेला तू लेखक काय म्हणतो ते सांगितलंस, दुसऱ्या खेपेला तुला काय वाटतं ते. लेखक जे म्हणतो ते त्याने दाखवून दिलंय का, हा मधला प्रश्न दोन्ही वेळा राहून गेला. परीक्षण त्या प्रश्नाचं उत्तर असतं.

तुझी भीतीही इथेच सुटते. लेखकाला विषयातलं तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, हे मान्य. पण दावा त्याचा आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेला पुरावाही त्याचाच आहे. पुराव्याला तो दावा पेलतो का, एवढंच तुला तपासायचंय. त्यासाठी लेखकाइतकं ज्ञान लागत नाही. सावकाश, पुन्हा पुन्हा वाचण्याची तयारी लागते, आणि दोनदा नापसंत झालेलं लेखन घेऊन तू पत्र लिहायला बसलीस, त्याअर्थी ती तुझ्याकडे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, लेखाचं शीर्षक आहे ‘मोबाइलमुळे तरुणांचं वाचन कमी झालं’. लेखकाने एका महाविद्यालयात प्रश्नावली वाटली. दिवसाचे किती तास मोबाइलवर जातात आणि गेल्या वर्षभरात किती पुस्तकं वाचली, असे दोन मुख्य प्रश्न. मोबाइलचे तास जास्त असलेल्यांची पुस्तकं कमी भरली, तसा तक्ता छापला आणि त्यावरून निष्कर्ष काढला.

आता शीर्षक सुटं करून तक्त्याशेजारी ठेव. ‘कमी झालं’ म्हणायचं तर आधी किती होतं ते माहीत हवं. प्रश्नावली एकदाच भरून घेतली आहे, आधीची मोजणी लेखात कुठेच नाही, मग घट दिसली कशात? ‘मोबाइलमुळे’ म्हणायचं तर कारण आणि परिणाम यांची दिशा पक्की हवी. ज्यांना वाचनाची गोडी मुळातच नाही, ते मोकळा वेळ मोबाइलवर घालवत असतील, ही शक्यता तोच तक्ता तितकीच उचलून धरतो. ‘तरुणांचं’ म्हणजे एका महाविद्यालयातल्या मुलामुलींचं. शिक्षण सोडून कामाला लागलेले तरुण त्यात नाहीतच. राहिलं ‘वाचन’. लेखकाने मोजली फक्त पुस्तकं. एखादी मुलगी रोज मोबाइलवरच लांबलचक लेख वाचत असेल, तर या प्रश्नावलीत तिचं वाचन शून्य आणि मोबाइलचे तास भरपूर. म्हणजे लेखकाला जो संबंध सापडला, त्यातला काही भाग त्याच्या मोजण्याच्या रीतीतूनच आलेला असू शकतो. यातली शेवटची हरकत मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती याच लेखाला लागू पडते, दुसऱ्या कुठल्या लेखाला जशीच्या तशी उचलून लावता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या परीक्षणात ‘नमुना (म्हणजे पाहणीत घेतलेली माणसं) लहान आहे’ हे वाक्य हमखास असतं. ते कुठेही चिकटतं, म्हणून त्याला वजन नसतं. नमुना मोठा असूनही फसू शकतो. अमेरिकेत १९३६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना चाचणीच्या मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख भरून परत आल्या आणि साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेली, म्हणजे त्या मंदीच्या काळातही बऱ्या परिस्थितीतल्या लोकांची. शिवाय मतपत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कल सारखा नव्हता. तेव्हा नमुना किती जणांचा होता याच्या आधी तो कुठून आला, कोण सुटलं, हे विचार. आणि सुटलेल्यांमुळे निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकला असेल तेही लिही. एवढं पुढे गेलीस की ‘आधार नाही’ हा शेरा येणार नाही.

कागदावर हे कसं दिसेल? तुझ्या वर्गातलं कुणीही लिहील असं वाक्य घे : ‘लेखकाने महत्त्वाचा विषय सखोलपणे मांडला असला तरी काही त्रुटी जाणवतात.’ त्याऐवजी वरच्या लेखाबद्दल असं लिहिता येईल : ‘मोबाइलचा वेळ आणि वाचलेली पुस्तकं यांत संबंध असल्याचं लेखकाने या महाविद्यालयापुरतं दाखवलं आहे. परंतु वाचन घटलं, आणि ते मोबाइलमुळे घटलं, ही दोन्ही विधानं एकदाच घेतलेल्या पाहणीतून निघत नाहीत. मोबाइलवरचं वाचन प्रश्नावलीत धरलेलंच नसल्यामुळे सापडलेल्या संबंधाचा अर्थही धूसर होतो.’ पहिल्या वाक्यात लेखकाने काय कमावलं ते मान्य केलंय, मग दावा पुराव्याच्या पुढे कुठे गेला ते बोट ठेवून दाखवलंय. यात उर्मटपणा कुठेच नाही. ‘मी कोण?’ हा प्रश्न असं लिहिताना आड येत नाही.

जे जमलंय ते सांगतानाही हाच नियम. ‘भाषा ओघवती आहे’ याने वाचकाला काही कळत नाही. कुठलं प्रकरण, कुठला तक्ता, कुठली तुलना पटली आणि का पटली, ते लिही. चांगलं ते नेमकेपणाने सांगणं मला दोष दाखवण्यापेक्षा अवघड वाटतं, आणि परीक्षण लिहिणाऱ्याची समज तिथेच दिसते.

लेखकाचं म्हणणं तू अशा शब्दांत मांडायला हवंस की ते वाचून त्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणावं. ही अट पाळल्याशिवाय पुढचा मजकूर लिहूच नकोस. एक गाजलेलं परीक्षण या बाबतीत फार शिकवून जातं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचं ‘व्हर्बल बिहेव्हिअर’ हे माणसाच्या बोलण्याविषयीचं पुस्तक १९५७ मध्ये आलं. तेव्हा कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेले भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्याचं तीसहून अधिक पानांचं परीक्षण लिहिलं. त्यांनी पुस्तकातल्या मुख्य संज्ञांचा पाठपुरावा केला. उद्दीपक (प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट), प्रतिसाद, प्रबलन (एखादं वागणं पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणारा परिणाम, उदा. बक्षीस) या संज्ञांना प्रयोगशाळेत काटेकोर अर्थ असतो. माणसाच्या रोजच्या बोलण्याला त्या लावल्या की तो काटेकोरपणा उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषेच्या अभ्यासाची दिशा बदलणाऱ्या लेखनात या परीक्षणाची गणना होते. पण १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ केनेथ मॅककॉर्कोडेल यांनी त्या परीक्षणाचंच परीक्षण केलं, आणि चॉम्स्कींनी स्किनर यांची भूमिका नीट समजून घेतली नाही, असा आक्षेप घेतला. कुणाची बाजू बरोबर हा वाद इथे नको. मोठ्या माणसाचं परीक्षणसुद्धा ‘मूळ म्हणणं नीट मांडलंय का?’ या कसोटीवर घासलं जातं, एवढं ध्यानात घे.

वाचण्याबद्दल थोडं. शोधलेख वाचताना सारांश आणि प्रस्तावना वाचून झाली की थेट तक्ते आणि अभ्यासपद्धतीकडे जा. यावरून आपण काय म्हटलं असतं ते दोन ओळींत लिहून काढ आणि मगच लेखकाचा निष्कर्ष वाच. तुझ्या दोन ओळी आणि त्याचा निष्कर्ष यांत जिथे तफावत पडेल, तिथे तुला बहुधा लिहिण्याजोगा मुद्दा सापडेल. पुस्तकाचं प्रास्ताविक, अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण आधी वाच, म्हणजे लेखकाने काय दाखवायचं कबूल केलंय ते कळेल. मग सलग वाचत ते वचन कुठे पाळलं गेलं ते पाहा. टिपणं काढताना लेखकाचं वाक्य, पृष्ठ क्रमांक आणि तुझी शंका वेगवेगळी ठेव. ती एकमेकांत मिसळली की आपलं मत लेखकाच्या तोंडी जातं. लिहिताना सारांश एकूण मजकुराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नकोस. विभागाने वेगळं प्रमाण दिलं असेल तर अर्थातच ते पाळ. आणि जे पुस्तक लेखकाने लिहायला घेतलंच नव्हतं, ते का लिहिलं नाही म्हणून त्याला धारेवर धरू नकोस. शहरांवरच्या पुस्तकात खेडी नाहीत ही उणीव केव्हा? त्याचा निष्कर्ष खेड्यांनाही लागू केलेला असेल तेव्हाच.

एआयचं विचारलंस. सारांश करताना लेखकाचा मुख्य दावा कुठला, दुय्यम कुठला, कशावर त्याने भर दिला आणि कशावरून तो घाईने पुढे गेला, हे तू ठरवत असतेस. परीक्षणाचे मुद्दे या ठरवण्यातूनच सुचतात. आयता सारांश बहुतेक वेळा लेखकाच्याच निष्कर्षाचे शब्द उचलून देतो. ‘वाचन कमी झालं’ हे त्यात तसंच येईल आणि वाचताना तुला खटकणारही नाही. शिवाय अशा साधनांनी दिलेली अवतरणं आणि पृष्ठ क्रमांक चुकीचे निघतात, कधी चक्क रचलेले असतात. पहिला खर्डा पूर्ण तुझ्या हातचा असू दे. नंतर शुद्धलेखनासाठी मदत घ्यायची असेल तर तुमच्या विभागाचा नियम काय आहे ते आधी विचार.

आता पुढच्या वाटेबद्दल. केवळ पुस्तक परीक्षणं लिहून पोट भरणारी माणसं फार थोडी. अभ्यासविषयक नियतकालिकं परीक्षणासाठी सहसा पुस्तकाची प्रत देतात, मानधन क्वचितच. मात्र तुला जे काम आवडतंय, त्याची गरज इतर अनेक ठिकाणी लागते. पीएच.डी.ला गेलीस तर पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण म्हणजे हेच काम, एकाऐवजी अनेक लेखांवर. प्रकाशनसंस्थेत संपादकीय विभागाला आलेल्या हस्तलिखितांवर अभिप्राय लिहावे लागतात : लेखकाला काय साधायचंय, कितपत साधलंय, काय बदललं तर साधेल. धोरणविषयक संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये अहवाल तपासून त्यातलं विश्वासार्ह किती ते सांगणारी माणसं लागतात, आणि पत्रकारितेत, विशेषतः आरोग्य आणि विज्ञानाच्या बातम्यांत, अशा नजरेची उणीव मला रोज जाणवते. तुझ्या एम.ए.च्या पायावर संशोधन आणि संपादन या दोन वाटा मला सगळ्यात जवळच्या दिसतात. संपादनाकडे ओढा असेल तर भाषेच्या शुद्धतेवर आतापासून मेहनत घे.

बऱ्याच नियतकालिकांना नव्या पुस्तकांसाठी परीक्षक हवे असतात, आणि संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते संधी देतात. तुझ्या विषयातल्या एखाद्या नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयात काढून त्यातली परीक्षणं वाच. शब्दमर्यादा, सूर, सारांशाचं प्रमाण बघ, मग संपादकांना पत्र लिहून विचार. नाही म्हणाले तर दुसऱ्यांना लिही. एक-दोन परीक्षणं छापून आली की अर्जासोबत जोडायला तुझ्या नावावर काहीतरी असेल.

तत्पूर्वी परत आलेला शोधलेखच पुन्हा घे, पुस्तक नंतर. लेखाचं शीर्षक कागदावर लिही, त्यातल्या प्रत्येक शब्दासमोर लेखकाने दिलेला पुरावा लिही, जिथे जागा रिकामी राहील तिथून परीक्षणाला सुरुवात कर. खर्डा तयार झाला की सरांना भेट आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारण्याऐवजी ‘यातलं कुठलं विधान अजून आधाराशिवाय आहे?’ असं विचार.