काळ, कृष्णविवरे आणि ‘क्वांटम’ पेंडंट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या वर्षभरात आलेली पत्रे परवा एकदा चाळून काढली. निम्म्याहून जास्त पत्रांत तेच पाच-सहा प्रश्न आहेत, आणि बहुतेकांचे मूळ मोबाइलवर आलेल्या एखाद्या मजकुरात. आधार म्हणून खाली फक्त ‘नासाचे शास्त्रज्ञ सांगतात’ असे लिहिलेले असते. कोणत्या शास्त्रज्ञाने सांगितले, काय मोजले, कशाने मोजले, यातले काहीच नसते. म्हणून प्रत्येकाला वेगळे उत्तर न पाठवता इथे एकत्र लिहिते. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

कृष्णविवर एक दिवस पृथ्वीला गिळणार, असा व्हिडिओ पाहिल्यापासून माझा नऊ वर्षांचा मुलगा रात्री झोपत नाही. (जळगाव)

गिळणार नाही. आपल्याला माहीत असलेले सर्वांत जवळचे कृष्णविवर, गाया बीएच1, सुमारे 1,560 प्रकाशवर्षे दूर आहे. शिवाय कृष्णविवर लांबून वस्तू ओढून घेत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. उजेड आणि ऊब जाईल, ती गोष्ट वेगळी. मुलाला एवढे समजावून सांगा. आठवड्याभरात झोप सुधारली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. भीतीचे कारण दुसरेच काही असू शकते.

मुलीच्या वाढदिवसाला एका ताऱ्याला तिचे नाव द्यायचे आहे. साडेचार हजारांत प्रमाणपत्र मिळते. ते अधिकृत असते का? (ठाणे)

नाही. ताऱ्यांच्या नावांना मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय खगोल संघ नावे विकत नाही. त्या पैशात चांगली दुर्बीण येते, पण घेण्याआधी गावातल्या आकाशदर्शन मंडळाला विचारा.

पृथ्वीची ‘नाडी’ 7.83 हर्ट्झवरून वाढली आहे, त्यामुळे 24 तासांचा दिवस आता 16 तासांचाच उरला आहे असे वाचले. मलाही दिवस पुरत नाही. मी 72 वर्षांचा आहे. (सांगली)

7.83 हा आकडा खरा आहे, बाकी सगळे रचलेले आहे. जगभर सतत विजा चमकत असतात. त्यांच्या रेडिओ लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत घुमत राहतात. प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीला एक फेरी मारायला सेकंदाचा साधारण साडेसातावा भाग लागतो, म्हणून या घुमण्याची वारंवारता सेकंदाला साडेसातच्या आसपास येते. ती दुप्पट व्हायची तर पृथ्वीचा घेर निम्मा व्हावा लागेल. घड्याळाशी तिचा काहीही संबंध नाही.

दिवसाची लांबी रोज मोजली जाते. 5 जुलै 2024 हा दिवस फार लहान म्हणून गाजला. तो 24 तासांपेक्षा किती कमी भरला? 1.66 मिलिसेकंद. उलट पृथ्वी थोडी मागे पडते म्हणून 1972 पासून 27 वेळा घड्याळात एक-एक सेकंद वाढवावा लागला, शेवटचा 31 डिसेंबर 2016 रोजी. तुम्ही घरीही तपासू शकता. दिवसाचे आठ तास खरोखरच गेले असते, तर पंचांगातली सूर्योदयाची वेळ आणि तुमच्या भिंतीवरचे घड्याळ दुसऱ्याच दिवशी जुळले नसते.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, “दुपार कुठे गेली ते आठवत नाही.” ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. याच आठवड्यात फिजिशियनकडे जा आणि सोबत घरातले कुणी तरी न्या.

नासाने कृष्णविवराचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि त्यात स्पष्ट ‘ॐ’ ऐकू येतो, हे खरे का? (नाशिक)

पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूत दाबाच्या लहरी आहेत, हे 2003 साली चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने दाखवले. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ती हीच दुर्बीण. समूहाच्या मध्यावरच्या कृष्णविवरामुळे या लहरी उठतात. त्यांचा स्वर पियानोच्या मधल्या ‘सी’च्या 57 सप्तके खाली आहे. आपल्या पेटीवर सप्तके असतात तीन-साडेतीन. एक कंप पूर्ण व्हायला सुमारे 1 कोटी वर्षे लागतात, मग तो कुणाच्या कानाला ऐकू येणार? 2022 साली ऐकवला गेलेला आवाज त्या लहरी 57 आणि 58 सप्तके वर चढवून तयार केलेला आहे, आणि नासाने ते सांगूनच तो दिला. पुढे पाठवणाऱ्यांनी नेमके तेवढे वाक्य गाळले. ‘ॐ’ ज्याचा त्याने त्यात ऐकला.

महाबळेश्वरला राहणारा माणूस मुंबईकरापेक्षा हळू म्हातारा होतो का? गुरुत्वाकर्षणाने काळ बदलतो ना? (वाई)

उलट, तो लवकर म्हातारा होतो. गुरुत्वाकर्षणाच्या मुळापाशी घड्याळ हळू चालते, उंचावर जलद. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. हिशेब केला तर 80 वर्षांत फरक पडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून कमी. हवा बदलायला जरूर जा, पण तब्येतीसाठी जायचे असेल तर डॉक्टरांना विचारून.

हा फरक नगण्य वाटतो, पण तुमच्या फोनमधला नकाशा त्याच्यावरच चालतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळे दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे 7 मागे पडतात, म्हणजे निव्वळ 38 पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. हा हिशेब आधीच धरला नसता तर स्थान दाखवण्यातली चूक रोज किलोमीटरांनी वाढत गेली असती. काळाचा हा हिशेब सांगणारी आइन्स्टाइनची सापेक्षता ही केवळ मते मांडण्याची गोष्ट आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला हे सांगा.

राजा ककुद्मी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परतला तोवर इथे युगे उलटली होती. हे सापेक्षतेचेच ज्ञान नव्हे का? (पंढरपूर)

कथा सुंदर आहे, मी ती नातीला सांगते. काळ सगळीकडे सारखा नसेल ही कल्पनाही मोठी आहे. पण किती वेगाला किती फरक, हे कथा सांगत नाही, आणि भौतिकशास्त्र तिथूनच सुरू होते. अभिमानच बाळगायचा असेल तर कोल्हापुरात जन्मलेल्या आणि बनारसला गणित शिकवणाऱ्या, सापेक्षतेचे अभ्यासक वि. वा. नारळीकरांचा बाळगा. कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ अमल कुमार रायचौधुरी यांचा बाळगा. त्यांच्या 1955 च्या समीकरणावाचून कृष्णविवरांचे आजचे गणित उभे राहत नाही. कथेचा अर्थ संस्कृतच्या अभ्यासकाला विचारा, तो माझा प्रांत नाही.

एका शिबिरात ‘क्वांटम’ मशीनने वडिलांची तपासणी केली, मूत्रपिंड अशक्त असल्याचे सांगितले आणि 18 हजारांचे क्वांटम पेंडंट व पावडर दिली. चार महिने झाले, वडिलांनी मधुमेहाच्या गोळ्या निम्म्या केल्या आहेत. क्वांटम भौतिकीनुसार हे शक्य आहे का? (अहिल्यानगर)

आधी हे करा, बाकीचे नंतर वाचा. वडिलांना आजच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. गोळ्या किती घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतील, मी नाही आणि तुम्हीही नाही. एचबीए1सी, सीरम क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन या तपासण्यांबद्दल विचारा. पहिलीतून साखर कितपत आटोक्यात आहे ते कळते, बाकीच्या दोन्हींतून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते. चार महिने थांबायला नको होते.

आता मशीनबद्दल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये असेच मोफत शिबिर होते. टेबलावर लॅपटॉप, वहीएवढी काळी पेटी आणि तिला वायरने जोडलेली पितळी रंगाची दांडी. शिबिरातला मुलगा आधी नाव, वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष हे भरून घ्यायचा, मग दांडी मुठीत धरायला सांगायचा. मिनिटभरात जाडजूड अहवाल तयार. मी दोनदा तपासून घेतले. दुसऱ्या वेळी दांडी हातात धरलीच नाही, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवली आणि वय 34 लिहायला लावले. अहवाल तरीही आला, यकृतापासून हाडांपर्यंत सगळ्या रकान्यांसह. रकाने भरले होते ते आधी लिहून घेतलेल्या माहितीवरून. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला हेच शिकवून पाठवलेले असते. राग आहे तो ‘क्वांटम’ हा शब्द छापून पेटी विकणाऱ्यांवर.

क्वांटम भौतिकी म्हणजे अणूंच्या पातळीवरचे भौतिकशास्त्र. शरीराच्या आत पाहणारे खरे क्वांटम यंत्र असते, त्याला एमआरआय म्हणतात. शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा ‘स्पिन’ हा क्वांटम गुणधर्म त्यात वापरतात. त्यासाठी दीड किंवा तीन टेस्लाचा चुंबक लागतो. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30,000 पट. त्या चुंबकाची तारेची वेटोळी द्रवरूप हेलियमने उणे 269 अंशांपर्यंत थंड ठेवावी लागतात. एवढा खटाटोप केल्यावर जो अगदी क्षीण संकेत मिळतो, तो लॅपटॉपला जोडलेली दांडी तळहातातून मिळवते, असे म्हणणाऱ्याने मोजून दाखवावे. लेझर, एलईडी, फोनमधली चिप, सगळीकडे क्वांटम भौतिकी आहे. पण तिथे प्रत्येक ठिकाणी आकडा आहे, आणि तो दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मोजता येतो. ‘ऊर्जा संतुलित होते’ या वाक्यात आकडा कुठे आहे? किती ज्यूल, किती हर्ट्झ? शिबिरात हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पेंडंटची मला जास्त काळजी आहे. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशी 10 उत्पादने किरणोत्सारी असल्याचे जाहीर करून वापर थांबवायला सांगितले. त्यांत ‘क्वांटम पेंडंट’ होते, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती, आणि मुलांचे ब्रेसलेटही होते. ‘ऋण आयन’ सोडणाऱ्या अशा काही वस्तूंत थोरियम किंवा युरेनियम असलेली खनिजे मिसळलेली असतात. तुमच्या वडिलांच्या पेंडंटमध्ये ती आहेतच असे मी म्हणत नाही, पण मोजल्याशिवाय नाहीत असेही म्हणता येणार नाही. आजच गळ्यातून काढा. फोडू नका, घासू नका, उगाळून तर मुळीच घेऊ नका. मूळ डबीत घालून मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहा, किंवा जवळच्या महाविद्यालयात गायगर गणित्र (किरणोत्सार मोजणारे उपकरण) असेल तर तिथल्या प्राध्यापकांना मोजायला सांगा. पावडरचा डबा डॉक्टरांना दाखवा. बिल जपून ठेवा आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा.

औंढा नागनाथजवळ लेझरची मोठी प्रयोगशाळा होत आहे. तिथे जमिनीखाली कृष्णविवर तयार होईल म्हणतात. भूकंपाचे धक्केही तिच्यामुळेच का? (वसमत)

दोन्हीही नाही. तुम्ही म्हणता ती प्रयोगशाळा म्हणजे लायगो-इंडिया. ते अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ऐकणारे यंत्र आहे, काही निर्माण करणारे नव्हे. काटकोनात 4-4 किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, टोकांना आरसे, मध्ये लेझर. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली लहर टिपली. तिकडे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. नळ्यांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी कमी होता. इतके नाजूक यंत्र जमीन हलवत नाही, त्यालाच शांत जमीन लागते. धक्क्यांबद्दलची माहिती तहसील कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापनाकडून घ्या, आणि भिंतीला तडे गेले असतील तर अभियंत्याला दाखवा.

मी बारावीत आहे. कृष्णविवरांवर काम करायचे आहे. 45 हजारांचा ऑनलाइन ‘ब्लॅक होल डिप्लोमा’ आधी करू की नंतर? (लातूर)

करूच नकोस. त्या पैशाने आणि वेळाने कलनशास्त्र पक्के कर. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेशासाठी वेगळी अभियोग्यता चाचणी असते, तिच्या अर्जाची मुदत आयसरच्या अधिकृत संकेतस्थळावर आजच पाहा. ‘बोर्डाची परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणून मुदत हुकलेली मुले मी दर वर्षी पाहते. तुझ्या भौतिकशास्त्राच्या सरांशी आणि घरच्यांशी बोल. आणि 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी प्रदर्शन भरते, तिथे जाऊन ये. 45 मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. एखाद्या डिशपाशी काम करणारा संशोधक दिसला तर त्याला विचार, की आज दिवसभरात त्याने नक्की काय केले.