तक्रारीचा ईमेल कुणाकुणाकडे जातो ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला प्रोजेक्ट, तोही लहान, तो सांभाळणारे मेंटेनर पाच-सहा, नवीन आलेल्या मुलीनं लिहून कळवलंय की त्यातलाच एक सीनिअर रात्री-बेरात्री पर्सनलवर नको ते मेसेज करतो, आणि तुम्ही विचारताय की दोघांना एका कॉलवर बसवून मिटवून टाकू का. नका बसवू. का ते पुढे सांगते, पण त्याच्याआधी एक काम करा, तक्रारीसाठी जो ईमेल दिलाय तो फॉरवर्ड होऊन कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये पडतो ती यादी उघडून बघा. आत्ता.

कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे वागणुकीचे नियम टाका, कमिटी करा वगैरे मी सांगत बसत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. आम्हीपण काँट्रिब्यूटर कोव्हेनंट नावाचा अशा नियमांचा तयार मसुदा जसाच्या तसा कॉपी करून टाकला होता. त्यात तक्रार कुठे करायची ती जागा कंसात मोकळी सोडलेली असते, तिथे आपला पत्ता घालायचा असतो. आमच्याकडे ती आठ महिने तशीच होती, कुणीतरी हसून दाखवून दिलं तेव्हा मी घाईघाईत रिलीजच्या कामासाठी आधीपासून असलेला कॉमन ईमेल तिथे चिकटवून दिला. तो पाचही मेंटेनरना जायचा. त्या पाचातला एक म्हणजे तोच, ज्याच्याबद्दल पुढे तक्रार आली.

तर मेल आला. आमचा प्रोजेक्ट म्हणजे देवनागरी मजकूर साफ करणारी छोटी लायब्ररी, आणि मेल पाठवणारी इंदूरचीच एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तीन पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, मर्ज झालेल्या. तारखा, दोन स्क्रीनशॉट, सगळं नीट लिहिलेलं. मी रात्री अकराला अर्धवट झोपेत फोनवर वाचला आणि तिला धीर द्यावा म्हणून लगेच उत्तर दिलं, "मिळालं गं, मी बघते, काळजी करू नकोस." रिप्लाय ऑल. स्वतः बाई असून, आणि पंधरा वर्षं नोकरीत काढून, मला एवढं सुचलं नाही की वरची नावं वाचावीत. त्यानं मूळ मेल पाहिलाच नव्हता, त्या पत्त्याचे मेल तो फिल्टर लावून वेगळ्या फोल्डरला टाकायचा. माझा रिप्लाय मात्र त्या फिल्टरमधून सुटला आणि थेट त्याच्या इनबॉक्समध्ये पडला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, वर "थँक्यू" म्हणून.

वीस मिनिटांत त्यानं टेलिग्रामवरचं सगळं चॅट दोन्हीकडून उडवलं. टेलिग्रामवर ते होतं, पर्सनल चॅटमधला कुठलाही मेसेज, कितीही जुना असला तरी, कुणीही एकजण दोघांकडून पुसू शकतो. तिच्याकडे फक्त ते दोन स्क्रीनशॉट उरले, दीड महिन्याचं बाकी सगळं गेलं. म्हणून तक्रार आली की पहिलं उत्तर फक्त तिला, आणि त्यात पहिली ओळ ही की आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेव, त्याला काहीही कळायच्या आत. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवतो त्या साइटवर, कुणी कॉमेंट डिलीट केली असेल तर जुने नोटिफिकेशनचे ईमेल शोधा, मूळ मजकूर बहुतेक वेळा तिथे पडलेला असतो.

पुढचं प्रकरण इंदूरचं आहे. इथला मराठी समाज म्हणजे रामबागेत शिंकलं की सुदामा नगरात "बरं वाटत नाही का" म्हणून फोन येतो. त्याच्या आईची आणि तिच्या काकूची भिशी एक निघाली. दोन दिवसांत तिच्या घरी फोन, "तुमची मुलगी रात्री बारा-बारा वाजता मुलांशी काय बोलत असते?" लॅपटॉप हॉलमध्ये आला, प्रोजेक्ट बंद. मी त्यांच्या घरी जाऊन समजावणार होते, तर तिचाच मेसेज, "ताई, तुम्ही येऊ नका, अजून वाढेल." तक्रार तिनं केली आणि शिक्षाही तिलाच झाली, मधे मी.

आता कॉलबद्दल. आमच्यातल्याही एकानं काढलंच होतं, "भिया, छप्पनवर बसू, पोहे खाऊ, विषय मिटवू." (छप्पन म्हणजे आमची खाऊगल्ली.) एकाकडे रिपॉझिटरीची, म्हणजे सगळ्या कोडची मालकी, दुसरीच्या नावावर तीन पुल रिक्वेस्ट, अशा दोघांना समोरासमोर बसवलं तर कोण कुणाला सॉरी म्हणेल ते सांगायला नको. असा कॉल बसवणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. तिनं स्वतःहून मागितला तर गोष्ट वेगळी. आणि "पण कोड काय लिहितो तो!" हे तर कुणी म्हणूच नका, आमच्याकडे हे ऐकता ऐकता तीन आठवडे गेले. कोव्हेनंटच्या दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्यात, समज, ताकीद, काही काळ बंदी, कायमची बंदी. त्या वापरा, पण आधी ठरवा की निर्णय कोण घेणार, ज्याची त्याच्याशी मैत्री आहे त्यानं स्वतःहून बाजूला व्हायचं.

कायद्याचं विचारलंय तुम्ही. मी वकील नाही, हे ऐकीव आणि भोगलेलं ज्ञान आहे, नीट विचारून घ्या. कामाच्या जागच्या छळाचा २०१३ चा कायदा आहे, त्यात बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणारेही धरलेत, दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. वाचून मला वाटलं झालं काम. एका कार्यालयात गेले, दोन तास बाकावर, मग प्रश्न, नियोक्ता कौन है? कोणी नाही. ऑफिस? नाही, सगळं ऑनलाइन. "फिर तो मॅडम ये आपस का मामला है." कागद हातात धरलासुद्धा नाही. आपल्या प्रोजेक्टांना मालकच नसतो ना, तिथंच अडतं. पाठलाग करणं हा गुन्हा मात्र त्याहून वेगळा, आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-डी होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, त्यात मुलीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं येतं. त्यामुळे एकदा लेखी "मला मेसेज करू नका" लिहिलेलं असलं तर उपयोग होतो. पण ते लिहिलं नव्हतं म्हणून तिची तक्रार तुम्ही हलकी धरू नका, सीनिअरला तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं. पोलिसात जायचं की नाही ते तिनं ठरवायचं, तुम्ही नाही.

शेवटी त्याला काढलं आम्ही. काढताना गिटहबवरून काढला, टेलिग्राम ग्रुपवरून काढला, आणि पायपीआयवर, म्हणजे लोक जिथून आमचं पॅकेज उतरवून घेतात तिथे, तो त्याचा ओनर आहे हे विसरलो. दोन महिन्यांनी कुणाला न विचारता नवीन व्हर्जन बाहेर, पॅकेजच्या माहितीत आम्हाला टोमणा. आधी त्याच्याकडे कशाकशाचा ताबा आहे त्याची यादी करा, पॅकेज, डोमेन, टोकन (पासवर्डसारख्या चाव्या), ग्रुपचे अ‍ॅडमिन, आणि सगळं एका बैठकीत काढून घ्या, त्याला सांगायच्या आधी.

आता आमचा तक्रारीचा पत्ता दोघींकडेच जातो, एक मी आणि दुसरी माझी कॉलेजची मैत्रीण, वडोदऱ्याला असते, कोडशी संबंध नाही, आमच्यातल्या कुणाला ओळखत नाही. तिचा उपयोग नेमका त्यामुळेच होतो.

आणि हो, हे लिहिता लिहिता आत्ता बघितलं, तुम्ही पोस्टमध्ये जो स्क्रीनशॉट लावलाय त्यात तिचं नाव खोडलंय पण डीपी दिसतोय. तो आधी काढा.